पिल्लू आणण्याआधी घरी कोण थांबणार ते ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांत सोसायट्यांमधल्या कुत्र्यांवरून जुंपली आहे. लिफ्टमध्ये लघवी, जिन्याच्या वळणावर घाण, पार्किंगमध्ये गाड्यांच्या चाकांवर तीच तऱ्हा. एक पक्ष म्हणतो, पाळीव कुत्र्यांना बंदीच करा. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला काय कळतं. दोन्हीकडची पत्रं मी वाचली. ज्यांची लिफ्ट घाण होते त्यांचा राग खरा आहे. आणि मुक्या जिवाला कळत नाही हे साफ चूक आहे. त्याला फार चांगलं कळतं. शी-शू कुठे करायची हे दोन महिन्यांचं पिल्लूसुद्धा काही आठवड्यांत शिकतं, फक्त शिकवणारं माणूस त्या दिवसांत घरी असावं लागतं. आपल्याकडे पिल्लू आणताना जात, रंग, किंमत, खाणं, इंजेक्शनं, सगळ्याची चौकशी होते. घरी कोण थांबणार, हे कोणी विचारत नाही. लिफ्टमधला तंटा तिथून सुरू होतो, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची वर्षं सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात गेली, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. आता ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहते. घरात हे, सासूबाई आणि नोकरी करणारी लेक. एका पावसाळ्यात पार्किंगमधल्या जनरेटरच्या आडोशाला व्यालेली कुत्री गाडीखाली गेली आणि तिचं मागे राहिलेलं एकुलतं पिल्लू लेकीने पदरात घालावं तसं ओढणीत गुंडाळून वर आणलं. काळंभोर, गावठी, पोट तेवढं टम्म. नाव ठेवलं मिरी. सासूबाई पंच्याऐंशीच्या घरात, त्यांचं देवघर हॉलमध्येच. त्यांनी पिल्लाला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘देवासमोर थेंब पडता कामा नये, कसं ते तुम्ही बघा.’

पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली जमिनीवर सोडायचं नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि तीन महिने झाले की रेबीजची. हे सगळं होईतो पिल्लू चार महिन्यांचं होतं. कारण पार्व्हो. ह्या रोगाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो आणि कित्येक महिने तिथे टिकून राहतो. सोसायटीच्या बागेत कोणतं कुत्रं कधी बसून गेलं हे आपल्याला माहीत नसतं. रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत गेलेली पिल्लं आमच्या पशुवैद्यांनी अनेक पाहिली आहेत, ते सांगताना त्यांचा आवाज उतरतो.

म्हणजे सवय लागण्याचे जे आठवडे, तेच फ्लॅटच्या चार भिंतींत काढायचे. दर तासाला अंगणात न्या, हा सल्ला बंगलेवाल्यांना ठीक आहे. आपल्याला अंगण नाही, आपल्याला ड्राय बाल्कनी आहे. ठाणे-पुण्याकडच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराला लागून ही चिंचोळी जागा असते. एका कडेला वॉशिंग मशीन, कोपऱ्यात नहाणी ट्रॅपची जाळी, आणि लादीला जाळीकडे उतार. तांब्याभर पाणी ओतलं की सगळं जाळीतून जातं. उजेड आणि वारा असतो, आणि पिल्लाच्या झोपण्या-खाण्याच्या जागेपासून ती लांब असते. पिल्लाला ह्याहून सोयीची मोरी फ्लॅटमध्ये मिळणार नाही. मात्र आधी ग्रिलच्या खालच्या फटींना जाळी बांधून घ्या आणि साबण, ब्लीच, अ‍ॅसिडच्या बाटल्या वरच्या फळीवर चढवा. ज्यांच्याकडे ड्राय बाल्कनी नाही त्यांनी बाथरूमचा कोरडा कोपरा धरावा. ओल्या लादीवर पिल्लाचे पाय घसरतात आणि एकदा घाबरलं की ते पुन्हा तिथे जायला बघत नाही.

कुंड्यांखाली ठेवतात तसला मोठा, उथळ ट्रे आम्ही जाळीजवळ ठेवला. त्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या चार-पाच घड्या. कागद ओला झाला की वरचे काढायचे, पण वास लागलेला एक लहानसा तुकडा नव्या कागदाखाली सरकवून ठेवायचा. पुढच्या वेळी पिल्लाला जागा तो वासच दाखवतो. दुकानात तयार पॅडही मिळतात. ते जास्त शोषतात हे खरं, पण मिरी ते ओढून फाडायची आणि आतला कापूस व जेल पोटात गेलं तर पंचाईत, म्हणून आम्ही रद्दीवरच राहिलो.

पहिल्या दिवसापासून मी एक वही केली. वॉर्डात आम्ही इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतो, किती पाणी गेलं, किती लघवी झाली, कधी झाली. तसाच चार्ट. उठली कधी, खाल्लं कधी, शू कधी, शी कधी, कुठे. लेक म्हणाली, ‘आई, कुत्र्याचं पिल्लू आहे, पेशंट नाही.’ पण आठवडा व्हायच्या आत त्या वहीतून सगळं दिसू लागलं. झोपेतून उठली की ताबडतोब शू. खाल्ल्यानंतर दहा ते वीस मिनिटांत शी. खेळ रंगात आला की मध्येच पुन्हा शू. ह्यात नवल काहीच नाही. जठरात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं. तान्हं बाळ दूध पिता पिता लंगोट भरतं तेही ह्यामुळेच. म्हणून खाणं ठरल्या वेळी, दिवसातून तीन-चार वेळा द्यायचं आणि वाटी उचलून घ्यायची. दिवसभर वाटी भरून ठेवणाऱ्या घरात शी-शूला वेळ राहत नाही आणि मग माणसं म्हणतात, हे कधीही कुठेही करतं. पाणी मात्र तोडू नये. लघवी कमी व्हावी म्हणून पिल्लाला तहानलेलं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि परिचारिका म्हणून मला ते बघवत नाही. पाण्याची वाटी दिवसभर समोर हवी. रात्री निजायच्या तासभर आधी उचलली तर चालते, तीही पिल्लू निरोगी असेल तर.

पिल्लाला किती वेळ धरवतं ह्याचा ढोबळ हिशेब असा की जितके महिने वय, तितके तास, फार तर एखादा तास वर. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन तास, कसंबसं तीन. आता ह्या हिशेबापुढे आपल्या शहरातलं घर ठेवून बघा. नवरा-बायको साडेआठला बाहेर पडतात, संध्याकाळी सातनंतर येतात. आमच्याच संकुलात असं एक पिल्लू आलं होतं, पांढरं-तपकिरी, शिह त्झू ह्या लहान जातीचं, बोलायला-वागायला फार चांगलं कुटुंब. पिल्लू दिवसभर बंद बेडरूममध्ये एकटं. संध्याकाळी दार उघडलं की खोलीभर घाण, त्यात त्याचेच पाय बरबटलेले. मग ओरडा, मग रोल केलेल्या पेपरचा फटका. त्या पिल्लाच्या मूत्राशयात दहा तासांची जागाच नव्हती. ती कुठून आणणार होतं ते? काही महिन्यांनी ‘हे ट्रेन होत नाही’ म्हणून ते गावाकडे कोणाला तरी देऊन टाकलं. लिफ्टमध्ये ते अखेरपर्यंत करत होतं आणि त्याबद्दल सोसायटीच्या फळ्यावर नोटीसही लागली होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की पिल्लू आणायचं तर पहिले निदान पाच-सहा आठवडे घरात दिवसा जाणतं माणूस हवं. रजा साठवून आणा, आळीपाळीने घरून काम करा, आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला पैसे देऊन ठेवा. हे जमणार नसेल तर पिल्लाऐवजी मोठं, सवयी लागलेलं कुत्रं दत्तक घ्या. प्राणिमित्र संस्थांकडे अशी गुणी कुत्री वर्षानुवर्षं घराची वाट बघत असतात. आणि कृपा करून हे काम कामवाल्या मावशींवर न विचारता ढकलू नका. लादी पुसणं वेगळं आणि कुत्र्याची शी दिवसातून सहा वेळा उचलणं वेगळं. त्यांच्या पगारात ते धरलेलं नसतं. आमच्या मावशींना आम्ही आधी विचारलं. त्या नको म्हणाल्या, तर ते काम घरातल्यांनीच केलं.

प्रत्यक्ष शिकवणं म्हणजे नव्वद टक्के बघणं. मिरीचं ठरलेलं होतं. खेळता खेळता थबकायची. नाक खाली घालून दोन लाद्यांमधली सिमेंटची रेघ हुंगायची आणि त्या रेघेवरूनच चालू लागायची. मग शेपटी किंचित वर, एक छोटी गिरकी, मागचे पाय जरा फाकलेले. रेघ हुंगण्यापासून गिरकीपर्यंत चार-पाच श्वास मिळतात, तेवढ्यात पोटाखाली हात घालून अलगद उचलायचं. उचललं की बहुतेक पिल्लं धरून ठेवतात. ट्रेमध्ये ठेवायचं आणि बाळाला म्हणतो तसं, त्याच सुरात, ‘शू-शू-शू’. झालं की तिथल्या तिथे, ती ट्रेमध्ये उभी असतानाच, तोंडात खाऊ. आमच्याकडे उकडलेल्या रताळ्याचे नखाएवढे तुकडे डबीत तयार असायचे, डबी बाल्कनीच्या कट्ट्यावरच. खाऊ स्वयंपाकघरात येऊन दिला तर पिल्लाला वाटतं, स्वयंपाकघरात येण्याचं बक्षीस मिळालं.

ह्या कामात आमच्या घरी सगळ्यांत तरबेज कोण निघालं असेल तर सासूबाई. त्यांची नजर अधू आहे, पण कान शाबूत. दुपारी जपमाळ घेऊन खुर्चीत बसायच्या. लादीवर पिल्लाच्या नखांचा टकटक आवाज चालू असेपर्यंत माळ चालू. आवाज थांबला की माळ थांबायची आणि हाक यायची, ‘अगं, थांबली बघ ती!’ मी पोळी तव्यावर टाकून धावायचे. त्यांचा अंदाज क्वचितच चुकला. घरातली म्हातारी माणसं कुत्र्याच्या विरोधातच असतात हे जे धरून चालतात, त्यांनी त्यांना कामात घेऊन बघावं.

जेव्हा लक्ष ठेवायला कोणीच मोकळं नसतं, तेव्हा पिल्लाला अख्खं घर द्यायचं नाही. आम्ही हॉलचा एक कोपरा जुन्या प्लायवूडच्या फळीने आडवला होता. त्यात तिचं अंथरूण, पाणी, एक चघळायची दोरी. ह्यामागे निसर्गाचं गणित आहे. जन्मल्यापासून तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवीही होत नाही, आई चाटते तेव्हा होते आणि ती सगळं साफ करते. त्यानंतर पिल्लं स्वतःच निजायच्या जागेपासून दोन पावलं दूर सरकून करू लागतात. झोपतो तिथे करायचं नाही हे त्यांना उपजत असतं. आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली कशाचा स्पर्श असला की करायचं, माती, गवत, कागद की चिंधी, ह्याचीही आवड ठरत जाते. आता जे पिल्लू विकणाऱ्याच्या अरुंद पिंजऱ्यात वाढलं, जिथे खाणं, झोपणं आणि घाण एकाच वीतभर जागेत, त्याची ही उपजत शिस्तच मोडलेली असते. ते पुन्हा शिकवायला दुप्पट वेळ जातो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. तरीही चार-पाच आठवड्यांची पिल्लं टोपलीत घालून विकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. विकत घेणारच असाल तर पिल्लू हातात घेण्याआधी ते कुठे ठेवलं होतं ती जागा दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर परत फिरा.

स्पर्शाच्या आवडीवरून आठवलं. पायपुसणी, सतरंज्या, दिवाणाखाली सरकवलेली गोधडी, हे सगळं त्या दिवसांत उचलून ठेवा. पायाला मऊ लागतं आणि ओल शोषतं ते सगळं पिल्लाच्या लेखी ट्रेमधल्या कागदासारखंच. आमच्याकडे ह्यांना सकाळी पेपर वाचून खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवायची सवय. मिरीने त्यावर केलं तेव्हा तिने शिकवलेलंच केलं होतं. त्या दिवसापासून पेपर टीपॉयवर जातो.

मारण्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ओळखीतून एक प्रशिक्षक घरी आले होते. त्यांनी फी घेऊन सल्ला दिला की घरात केलं तर तिथे नेऊन पिल्लाचं नाक त्यात घासायचं आणि पाठीत एक द्यायची. ही पद्धत किती घरांत चालते ते विचारू नका. ती क्रूर तर आहेच, वर तिने नेमकं उलट घडतं. पिल्लाला शिक्षेचा संबंध त्याच क्षणाच्या कृतीशी लावता येतो. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या शूशी नाही. नाक घासलं की त्याला कळतं एवढंच, की माणूस आणि शू एकाच ठिकाणी असले की आपली धडगत नाही. मग ते माणसासमोर करणं सोडतं. सोफ्यामागे, पलंगाखाली, दाराच्या आड जाऊन करतं. पुढे मोठं झाल्यावर साखळीला बांधून तासभर खाली फिरवलं तरी मालकाच्या देखत काही करत नाही, आणि वर घरी येऊन साखळी सोडल्याबरोबर पलंगाखाली जातं. लोक म्हणतात, मुद्दाम करतं, खुन्नस काढतं. खुन्नस कसली, भीती आहे ती.

‘पण त्याला कळलेलं असतं, बघा ना कसं अपराधी तोंड करतं’, हेही नेहमी ऐकते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ चा अभ्यास लेकीने मला वाचून दाखवला. त्यात मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही, आणि मालकांना मात्र कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. ते अपराधी तोंड मालक रागावले की दिसलं, मग कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो. कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं ही रागावलेल्या माणसाला शांत करायची कुत्र्याची विनवणी असते. मुलांच्या वॉर्डात अंथरूण ओलं झालेलं मूल नर्सची पावलं ऐकून असंच अंग चोरायचं. त्याला मारणारी नर्स मला कधी सहन झाली नाही.

मग घरात भलत्या ठिकाणी झालंच तर काय? काही नाही. पिल्लाला दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि पुसायचं. पुसायचं कशाने, हे महत्त्वाचं. आपण फिनाइल ओततो आणि आपल्या नाकाला वाटतं वास गेला. पिल्लाच्या नाकाला फिनाइलच्या खाली आपली खूण तशीच लागते आणि ते पुन्हा तिथेच येतं. अमोनियाचे क्लीनर तर नकोतच, कारण कुजलेल्या लघवीचा वासही अमोनियाचाच. आधी कोऱ्या कागदाने टिपून घ्यावं, मग एन्झाइम असलेला क्लीनर घालून बाटलीवर लिहिला असेल तेवढा वेळ मुरू द्यावा. तो मिळेपर्यंत पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. लाद्यांच्या फटींत जुन्या टूथब्रशने घासावं, लघवी मुरते ती तिथे. पार्व्होची शंका असेल तर हायपोक्लोराइटचं ब्लीच पाण्यात पातळ करून वापरावं लागतं, तो विषाणू साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. पण ब्लीच कधीही व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू होतो, आणि लघवी आधी पाण्याने धुऊन काढल्याशिवाय तिच्यावरही ओतू नका. हातात मोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. आपल्या मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाचे, रुग्ण येतात, त्याचे जंतू उंदरांप्रमाणे कुत्र्यांच्या लघवीतूनही पसरू शकतात. कुत्र्यांसाठी त्याची लस आहे, डॉक्टरांना विचारून ती घ्या.

रात्रीचं थोडक्यात सांगते. गजर लावून मध्ये एकदा उठायचं, मंद दिवा, न बोलता ट्रेवर, झालं की खाऊ आणि परत झोप. त्या वेळी लाड केले की पिल्लू रोज दोनला खेळायला उठवतं. लहान जातींची पिल्लं शिकायला जरा वेळ घेतात, तोवर धीर धरावा. आणि शिकलेलं पिल्लू अचानक घरभर थोडं थोडं करू लागलं तर रागावण्याआधी लघवी तपासून घ्यावी. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग माद्यांमध्ये सर्रास होतो.

लसी संपत आल्या तसं आम्ही नर्सरीतून लॉनचा एक चौकोनी तुकडा आणून कागदाऐवजी ट्रेमध्ये ठेवला, म्हणजे खालच्या गवताची ओळख वरच झाली. तोवर लेक तिला रोज कडेवर घेऊन खाली न्यायची, जमिनीवर न ठेवता. लिफ्टचा आवाज, वॉचमन काका, भाजीची हातगाडी, शाळेची बस, सगळं तिने कडेवरून पाहिलं. लसी झाल्यावर खाली उतरली तेव्हा तिला कशाची धास्ती नव्हती.

लोक सांगतात की एकदा कागदावर शिकवलं की कुत्रं बाहेर करत नाही, म्हणून घरातला ट्रे लवकर बंद करा. मला हे मुळीच पटत नाही. मिरी बाहेरही करते आणि ट्रेही अजून जाग्यावर आहे. लिफ्टमधल्या घाणीचं खरं उत्तर तो ट्रे आहे. रात्रभर धरून ठेवलेलं कुत्रं सकाळी सातला दारात उभं राहतं, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत येते, आत दप्तरं, दुधाच्या पिशव्या, माणसं. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याचा धीर सुटतो. घरातून निघण्याआधी ट्रेवर एकदा मोकळं करून आणलं तर ही वेळच येत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस, कधी लिफ्ट बंद, कधी घरात आजारपण. आणि कुत्रं म्हातारं झालं की त्याला पुन्हा पिल्लासारखं वरचेवर लागतं. ट्रेची सवय असलेल्या कुत्र्याचं म्हातारपण सुखाचं जातं.

आता सोसायट्यांविषयी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा आकार लावता येत नाही. हे प्राणीप्रेमी फलकासारखं मिरवतात. पण त्याच सूचनांत कुत्र्याची घाण पाळणाऱ्यानेच उचलावी असंही सांगितलं आहे, ते कमी वाचलं जातं. पिशवी न घेता कुत्रं खाली नेणाऱ्याला मी तोंडावर बोलते, मग तो ओळखीचा असो. मात्र सोसायटीनेही जागा द्यायला हवी. ‘बागेत नको, पार्किंगमध्ये नको, गेटसमोर नको’, मग करायचं कुठे हे नोटिशीत लिहिलेलं नसतं.

सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. आमच्या संस्थेत मी विषयपत्रिकेसाठी लेखी सूचना दिली आहे. मागच्या भिंतीलगतचा पंपरूमशेजारचा पट्टा कुत्र्यांसाठी ठरवावा, तिथे वाळूचा थर, एक नळ आणि झाकणाचा डबा असावा, वाळू बदलायचा खर्च कुत्री पाळणाऱ्या आम्ही घरांनी स्वखुशीने वाटून घ्यावा. आणि नवीन पिल्लू आणणाऱ्या सभासदाला सचिवांनी नोटीस देण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन विचारावं की दिवसा पिल्लाजवळ कोण आहे. कोणी नसेल तर इमारतीतल्या आम्हा निवृत्त मंडळींपैकी चौघींनी दुपारी दोन तास बसायची तयारी दाखवली आहे. इतर सोसायट्यांतल्या वाचकांनीही आपापल्या सभेत हा विषय घ्यावा, आणि दिवाळीच्या सुमारास भेट म्हणून पिल्लं विकत घेतली जातात त्याआधी आपण ह्या पत्राला जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे